जपानला निघण्यापूर्वीचे सहा महिने

महाराष्ट्रातल्या शाळांना मे महिन्यात सुट्टी असते, म्हणून परदेशी सहलीचे बेतही बहुतेक घरांत मे महिन्याभोवतीच आखले जातात. जपानला जायचे असेल तर मात्र हा महिना आधी पारखून घ्यावा लागतो. २९ एप्रिल ते ५ मे या आठवड्यात तिथे चार सार्वजनिक सुट्ट्या येतात. ‘गोल्डन वीक’ म्हणतात तो हाच आठवडा. शिनकान्सेन या अतिवेगवान गाड्यांची आरक्षणे संपतात, हॉटेलांचे दर चढतात आणि क्योतोच्या देवळांत गर्दी मावत नाही. जूनच्या सुरुवातीला पावसाळा लागतो, तो जुलैच्या मध्यापर्यंत चालतो. ऑगस्टच्या मध्यावर ओबोन हा पितरांचा सण येतो आणि शहरांतली माणसे आपापल्या गावी निघतात. सप्टेंबर हा चक्रीवादळांचा काळ. हे सगळे वजा केले की हिंडण्याजोगे दोन काळ उरतात : मार्चअखेर ते एप्रिलचा मध्य, म्हणजे साकुराचा (चेरीचा) बहर, आणि ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंतचा शरद. आपली दिवाळीची सुट्टी या दुसऱ्या काळाच्या आसपास येते. क्योतोच्या डोंगरांवर मेपलची पाने लालभडक होतात ती नोव्हेंबरच्या उत्तरार्धात.

२०२४ मध्ये ३ कोटी ६८ लाखांहून अधिक परदेशी माणसे जपानला गेली. त्यांत भारतातून गेलेले सव्वादोन लाखांच्या वर होते. युरोप, अमेरिका, दुबई, सिंगापूर पाहून झालेल्या मराठी घरांत आता जपानचे नाव निघू लागले आहे. येन स्वस्त झाला हे एक कारण, आणि मुले नोकरीसाठी तिथे गेली हे दुसरे. अशा काही घरांशी या लेखाच्या निमित्ताने बोलणे झाले. त्यांत ठाण्याचे एक कुटुंब होते : सत्तरीतले आजी-आजोबा, मुलगा, सून आणि दहा वर्षांचा नातू. त्यांची तयारी जवळून पाहता आली. त्यावरून एक मत पक्के झाले. तयारीची कामे आपण कटकट म्हणून उरकतो, पण त्या देशाची पहिली ओळख याच कामांतून होते. औषधांची यादी, पायातले मोजे, बॅगेची मापे, खिशातल्या नोटा या प्रत्येक गोष्टीमागे त्या समाजाचा इतिहास आणि स्वभाव उभा असतो. तो निघण्याआधी समजून घेतला, तर तिथे गेल्यावर पाहायला डोळे मोकळे राहतात.

नाव आणि कागद

सहा महिने आधी करायचे पहिले काम म्हणजे घरातल्या सगळ्यांचे पासपोर्ट टेबलावर मांडणे. मुदत, कोरी पाने आणि नाव या तिन्ही गोष्टी तपासाव्यात. प्रौढांचा पासपोर्ट १० वर्षांचा असतो. मुलांचा मात्र ५ वर्षांत संपतो, आणि हे हमखास विसरले जाते. जपानमधल्या मुक्कामापुरता पासपोर्ट वैध असला तरी चालते, पण वाटेत विमान बदलायचे असेल तर पुष्कळ ठिकाणी ६ महिन्यांची मुदत मागतात. तेवढी शिल्लक ठेवलेली बरी.

मराठी घरांत खरा घोळ नावाचा होतो. पासपोर्टवर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, पॅनवर वडिलांच्या नावाचे एकच अक्षर, अशी तीन कागदांवर तीन नावे असलेल्या बायका प्रत्येक घरात सापडतील. लग्नानंतर पासपोर्टवरचे नाव बदललेच पाहिजे असा नियम नाही. माहेरच्या नावाने निर्धास्त प्रवास करता येतो. फक्त विमानाचे तिकीट, व्हिसाचा अर्ज, विमा आणि हॉटेल या सगळ्यांवर पासपोर्टवरचेच नाव अक्षरशः उतरले पाहिजे. मधले नाव पासपोर्टवर असेल तर तिकिटावरही ते लिहावे. नाव बदलायचेच ठरले, तर ते काम तिकीट काढण्याआधी संपवावे. २०१७ पासून टपाल कार्यालयांतही पासपोर्ट सेवा केंद्रे सुरू झाल्यामुळे या कामासाठी मुंबई-पुण्याच्या खेपा घालण्याची गरज बऱ्याच तालुक्यांना उरलेली नाही.

जपानच्या व्हिसासाठी नेहमीची कागदपत्रे लागतात : बँकेचे खातेउतारे, प्राप्तिकराची विवरणपत्रे, नोकरीचे पत्र, फोटो. त्यांच्या जोडीला आणखी एक तक्ता मागतात. कोणत्या तारखेला कुठे असाल, काय पाहाल, रात्री कोणत्या हॉटेलात राहाल, त्याचा पत्ता आणि फोन कोणता, हे सारे दिवसवार भरून द्यायचे. हा तक्ता एजंटाकडून भरून घेण्यापेक्षा घरच्यांनी एकत्र बसून भरावा. ठाण्याच्या त्या घरात तो भरताना पहिल्यांदाच कळले की आजोबांना हिरोशिमा पाहायचे आहे, नातवाला गाड्या पाहायच्या आहेत आणि आजींना रोज नव्या हॉटेलात सामान उचलून जाणे मुळीच नको आहे. सहा शहरांचा बेत तिथल्या तिथे तीन शहरांवर आला. व्हिसा हाती येईपर्यंत हॉटेले विनाशुल्क रद्द करता येतील अशीच घ्यावीत.

एकदा जाण्यापुरता पर्यटक व्हिसा मिळाल्यापासून ३ महिन्यांच्या आत जपानमध्ये प्रवेश करावा लागतो. म्हणून फार आधी अर्ज करण्यात अर्थ नाही. निघण्याआधी दोन महिन्यांच्या सुमारास तो करावा. एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी ई-व्हिसा सुरू झाला आहे. त्याबाबत एक गोष्ट मनावर बिंबवून ठेवायला हवी. विमानतळावर व्हिसा दाखवायचा तो फोनवर, इंटरनेट चालू ठेवून. छापील प्रत, पीडीएफ किंवा स्क्रीनशॉट चालत नाही. कागदाच्या दहा झेरॉक्स काढून ठेवण्याची आपली पिढीजात सवय इथे उपयोगी पडत नाही. ज्येष्ठांना ते पान घरीच चार वेळा उघडायला लावावे. त्यासोबतच ‘व्हिजिट जपान वेब’ या सरकारी संकेतस्थळावर प्रवेशाची आणि सीमाशुल्काची माहिती आधीच भरून ठेवली, तर उतरल्यावर रांगेत फॉर्म भरत उभे राहावे लागत नाही.

औषधांची पिशवी

चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक मराठी प्रवाशाजवळ औषधांची एक पिशवी असते. जपानसाठी ही पिशवी काळजीपूर्वक भरावी लागते. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये ‘फिलोपॉन’ नावाचे मेथॅम्फेटामिन सहज विकत मिळत होते. त्याच्या व्यसनाची मोठी लाट आली आणि १९५१ मध्ये उत्तेजक द्रव्यांवर कडक कायदा करावा लागला. त्या अनुभवातून आलेली कठोरता आजही टिकून आहे. दुसऱ्या देशांत डॉक्टर सर्रास देतात अशी काही औषधे तिथे बेकायदा ठरतात. ॲम्फेटामिनला पूर्ण बंदी आहे. सर्दीच्या औषधात स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून अधिक असेल, तर ते नेता येत नाही. कोडीनचे प्रमाण १ टक्क्याच्या वर असलेले औषध मादक पदार्थांच्या कायद्यात मोडते. म्हणून घरातली सर्दी-खोकल्याची प्रत्येक गोळी आणि बाटली उलटी करून तिच्यातले घटक वाचावेत. शंका असेल ते घरीच ठेवावे.

मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड यांची नेहमीची औषधे एक महिन्याच्या वापरापुरती असतील, तर वेगळी परवानगी लागत नाही. त्याहून अधिक न्यायची झाली, तर जपानच्या आरोग्य खात्याकडून आधी आयातीचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. इन्शुलिनची पेनेही महिन्याभराच्या गरजेइतकी नेता येतात. ती हातातल्या बॅगेत ठेवावीत, कारण विमानाच्या पोटात थंडीने इन्शुलिन निकामी होऊ शकते. डॉक्टरांकडून इंग्रजीत एक पत्र घ्यावे आणि त्यात औषधांची मूळ नावे लिहून घ्यावीत. आपण गोळ्यांना कंपनीच्या नावाने ओळखतो. ती नावे टोकियोतल्या डॉक्टरला काहीच सांगत नाहीत. मेटफॉर्मिन किंवा टेल्मिसार्टन म्हटले की जगात कुठेही कळते.

विम्याच्या अर्जात जुने आजार लपवू नयेत. हप्ता थोडा वाढेल या भीतीने रक्तदाब किंवा हृदयाची शस्त्रक्रिया लपवणारी माणसे दावा करायच्या वेळी उघड्यावर पडतात. पॉलिसीचा क्रमांक आणि चोवीस तास चालणारा मदतीचा फोन घरातल्या दोघातिघांच्या मोबाइलमध्ये हवा. जपानमध्ये रुग्णवाहिकेसाठी ११९ आणि पोलिसांसाठी ११० हे क्रमांक आहेत.

शाकाहार आणि दाशी

मराठी घरांतली सगळ्यात मोठी काळजी जेवणाची असते, आणि ती रास्त आहे. जपानी स्वयंपाकाचा पाया दाशी नावाच्या सारात आहे. हे सार कोम्बू या समुद्री शेवाळापासून आणि कात्सुओबुशी, म्हणजे वाळवून-धुरावून कडक केलेल्या बोनिटो माशाच्या किसापासून करतात. टोकियोतले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये कोम्बूच्या सारातूनच उमामी ही चव वेगळी काढून दाखवली. ही दाशी मिसो सूपमध्ये असते, सोबा-उदोन या शेवयांच्या रश्श्यात असते, भाजीला मुरवायच्या सॉसमध्येही असते. म्हणून ताटात माशाचा तुकडा दिसत नाही एवढ्यावरून पदार्थ शाकाहारी ठरत नाही.

यालाही इतिहास आहे. सम्राट तेन्मू यांनी इ. स. ६७५ मध्ये गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांच्या मांसावर वर्षातले काही महिने बंदी घातली. बौद्ध विचारांच्या प्रभावाखाली ही परंपरा पुढे दीर्घकाळ टिकली, पण मासे तिच्या बाहेर राहिले. त्यामुळे मांस नको म्हटल्यावर माशाचे सार चालेल असे तिथल्या आचाऱ्याला प्रामाणिकपणे वाटते. त्यात फसवणूक नाही. आपण नेमके सांगितले पाहिजे. मांस, मासे, अंडी आणि माशाची दाशी यांपैकी काय चालत नाही, हे स्वच्छ जपानीत लिहिलेले कार्ड प्रत्येकाच्या पाकिटात असावे. जपानी शिकणाऱ्या तरुण मुलांची पुण्यात वाण नाही. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जाणारी एखादी भाची-पुतणी हे कार्ड दहा मिनिटांत लिहून देईल.

पूर्ण शाकाहारी जेवण जपानमध्ये नाही असेही नाही. बौद्ध मठांत शोजिन र्योरी नावाचे जेवण मिळते. त्यात मांस-मासे नसतात, आणि परंपरेने कांदा-लसूणही नसतो, म्हणून जैन प्रवाशांनाही ते जवळचे वाटेल. कुकाई या भिक्षूने ९ व्या शतकात वसवलेल्या कोयासान पर्वतावर पन्नासेक मठांत यात्रेकरूंच्या मुक्कामाची सोय आहे आणि तिथे हेच जेवण वाढतात. कोयासान विद्यापीठाच्या आवारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. ओसाकापर्यंत जाणाऱ्या मराठी माणसाने एक रात्र या डोंगरावर जरूर काढावी.

रोजच्या पोटपूजेसाठी कोपऱ्याकोपऱ्यावरची कोनबिनी दुकाने आहेत. उमेबोशी, म्हणजे खारवलेल्या आंबट फळाचे सारण भरलेला ओनिगिरी हा भाताचा गोळा, केळी, दही, भाजलेली रताळी आणि वाफवलेल्या भाताची पाकिटे तिथे मिळतात. पाकिटातला भात दुकानातच मायक्रोवेव्हमध्ये गरम करता येतो. तिथला भात चिकट, आपल्या इंद्रायणीसारखा. त्यावर घरचे मेतकूट आणि दही घेतले की आजी-आजोबांचे रात्रीचे जेवण होते. हॉटेलच्या खोलीत बहुधा पाणी उकळायची किटली असते. त्यामुळे गरम पाण्यात तयार होणाऱ्या पोहे-उपम्याची पाकिटे, कोरड्या चटण्या, खाकरे, दशम्या, लाडू, चिवडा एवढे पुरते. खोलीत फोडण्या देऊ नयेत. धुराने घंटा वाजतात आणि पुढच्या भारतीय पाहुण्यांचे नाव खराब होते.

काय न्यायचे नाही, हेही पक्के ठाऊक हवे. मांस आणि मांसाचे पदार्थ, मटणाचे लोणचे असो की सॉसेज, जपानच्या विमानतळावर जप्त होतात आणि लपवून नेले तर शिक्षा होऊ शकते. ताजी फळे, भाज्या, कढीपत्ता यांना वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो, म्हणून लेकीसाठी हापूसची पेटी नेण्याचा मोह आवरावा. सुक्या खोबऱ्याच्या अख्ख्या वाट्या तेलकट आणि ज्वलनशील असल्यामुळे विमानात चालत नाहीत. दुबई किंवा सिंगापूरमार्गे जाणाऱ्यांनी फराळाचा डबा भरताना खसखस आठवावी. खसखशीकडे या दोन्ही ठिकाणी अमली पदार्थांच्या कायद्याच्या नजरेतून पाहिले जाते. अनारसे आणि खसखस घातलेल्या करंज्या त्या वाटेने नेऊ नयेत.

बॅगेची मापे

जपानमधल्या साध्या हॉटेलातली खोली इतकी लहान असते की दोन मोठ्या बॅगा एकाच वेळी जमिनीवर उघडता येत नाहीत. स्टेशने अवाढव्य. टोकियोतल्या शिंजुकु स्टेशनाला दोनशेहून अधिक दारे आहेत. लिफ्ट असते, पण ती फलाटाच्या कुठल्या तरी एका टोकाला. अशा ठिकाणी तीस किलोची बॅग ओढत सत्तरीतल्या माणसाने गाडी बदलणे म्हणजे सहलीचा पहिलाच दिवस वाया घालवणे.

यावर जपानने स्वतःच उपाय काढला आहे. १९७६ मध्ये यामातो या कंपनीने घरोघर सामान पोचवण्याची सेवा सुरू केली. तोंडात पिल्लू धरलेली काळी मांजर हे तिचे चिन्ह. हॉटेलच्या काउंटरवर बॅग द्यायची, पुढच्या हॉटेलचा पत्ता लिहून पैसे भरायचे. टोकियोहून क्योतोला ती साधारणपणे दुसऱ्या दिवशी पोचते. मधल्या एका रात्रीपुरते कपडे आणि औषधे पाठीवरच्या छोट्या पिशवीत ठेवायची. ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांनी या सेवेचा खर्च सुरुवातीपासूनच अंदाजपत्रकात धरावा. टॅक्सीपेक्षा हा पैसा अधिक सार्थकी लागतो.

बॅग गाडीतूनच न्यायची असेल, तर तिची लांबी, रुंदी आणि उंची घरी टेप लावून मोजावी. टोकियो-क्योतो-ओसाका मार्गावरच्या शिनकान्सेनमध्ये तिन्ही मापांची बेरीज १६० सेंटिमीटरच्या वर गेली, तर सामानाच्या जागेसह आसन आरक्षित करावे लागते. न केल्यास १००० येन भरावे लागतात. पॉवर बँक विमानाच्या हातसामानातच ठेवावी, तीही डोळ्यांसमोर.

विजेचीही गोष्ट आधी समजून घ्यावी. जपानमध्ये वीज १०० व्होल्टची असते आणि सॉकेटला दोन चपट्या पट्ट्यांची पिन लागते. मोबाइलचे चार्जर तिथे चालतात, फक्त पिन बदलणारा अडॅप्टर हवा. आपली इस्त्री, किटली, केस वाळवायचे यंत्र मात्र तिथे धड तापणार नाही. टोकियोत विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आणि ओसाकात ६०, कारण १९ व्या शतकात पूर्वेने जर्मन आणि पश्चिमेने अमेरिकन जनित्रे विकत घेतली. एका देशात दोन वारंवारता आजतागायत नांदत आहेत.

नोटांवरची माणसे

जपान यंत्रांचा देश असला तरी छोटी उपाहारगृहे, देवळांची तिकिटे आणि जुनी दुकाने रोख पैसे मागतात. परदेशी चलनाच्या नोटा भारतातून एका प्रवासासाठी माणशी ३००० डॉलरच्या मूल्यापर्यंत नेता येतात. सहलीला एवढ्या लागत नाहीत. पहिल्या तीन-चार दिवसांपुरते येन जवळ घ्यावेत. उरलेले पैसे फॉरेक्स कार्डावर ठेवावेत किंवा सेव्हन-इलेव्हन दुकानांतल्या एटीएममधून तिथेच काढावेत. आपल्या डेबिट-क्रेडिट कार्डांचा परदेशातला वापर बँकेच्या ॲपमधून आधी चालू करून घ्यावा लागतो. दुकानदाराने रुपयांत पैसे घेऊ का विचारले, तर येनच सांगावे, कारण रुपयांचा दर नेहमी चढा असतो. भारतीय सिम बंद करू नये. बँकेचा ओटीपी त्याच्यावरच येतो. सहल कंपनीचे पॅकेज घेताना किंवा परदेशी पैसे पाठवताना टीसीएस भरला असेल, तर तो खर्च नसून आगाऊ कर आहे. त्याची पावती जपून ठेवावी आणि विवरणपत्रात तो वळता करून घ्यावा.

जुलै २०२४ मध्ये जपानने नव्या नोटा काढल्या. त्यांच्यावरच्या तिन्ही व्यक्तींची ओळख नातवंडांना निघण्याआधी करून द्यावी. १०,००० येनच्या नोटेवर एइइची शिबुसावा आहेत. १८९३ मध्ये मुंबई आणि कोबे यांच्या दरम्यान कापसासाठी जहाजवाहतूक सुरू झाली, ती त्यांच्या आणि जमशेटजी टाटांच्या प्रयत्नांतून. परकीय कंपन्यांच्या चढ्या वाहतूकदरांना मुंबई आणि जपानने मिळून दिलेले ते उत्तर होते. १००० येनच्या नोटेवरचे शिबासाबुरो कितासातो यांनी १८९४ मध्ये हाँगकाँगला प्लेगच्या जंतूचा शोध लावण्यात मोठा वाटा उचलला. दोनच वर्षांनी हा प्लेग मुंबईत आणि मग पुण्यात पोचला. ५००० येनच्या नोटेवर त्सुदा उमेको आहेत. १८७१ मध्ये, सहा वर्षांच्या असताना, सरकारने त्यांना शिक्षणासाठी अमेरिकेला पाठवले. परतल्यावर त्यांनी १९०० मध्ये मुलींसाठी शाळा काढली. सावित्रीबाई आणि महर्षी कर्वे यांच्या महाराष्ट्राला ही नोट परकी वाटू नये. चहाचे पैसे देताना हा इतिहास हातात असतो, हे ठाऊक असलेले मूल वेगळ्या नजरेने जपान पाहते.

रेल्वे पासचा हिशेब कागदावर करावा. ७ दिवसांचा जेआर पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून ५०,००० येनवर गेला. टोकियो-क्योतोचे एका बाजूचे भाडे सुमारे १४,००० येन आहे. फक्त टोकियो, क्योतो, ओसाका करून परतणाऱ्याला सुटी तिकिटेच स्वस्त पडतात. ६ ते ११ वर्षांच्या मुलांना निम्मे भाडे. शहरातल्या लोकल आणि बससाठी सुइकासारखे कार्ड घ्यावे. ते आयफोनमध्ये घालता येते. भारतात घेतलेल्या अँड्रॉइड फोनमध्ये ते चालत नाही, म्हणून तिथे उतरल्यावर प्लॅस्टिकचे कार्ड विकत घ्यावे.

पाय, मोजे आणि भूकंप

जपानमध्ये रोज १५ ते २० हजार पावले सहज होतात. त्याची सवय दोन महिने आधीपासून लावावी, आणि नवे बूट घरीच वापरून मऊ करून घ्यावेत. देवळांत, पारंपरिक मुक्कामघरांत आणि काही उपाहारगृहांतही पादत्राणे काढावी लागतात. लेसचे बूट वाकून सोडणे ज्येष्ठांना जड जाते. पटकन काढता-घालता येणारे बूट आणि न फाटलेले मोजे घ्यावेत. १९९५ मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन वायूचा हल्ला झाला, तेव्हापासून रस्त्यांवरच्या कचराकुंड्या मोठ्या प्रमाणात काढून टाकल्या गेल्या. कचरा आपल्याच पिशवीत ठेवून हॉटेलवर आणायचा असतो. स्वच्छतागृहांत हात पुसायला कागद नसतो, म्हणून हातरुमाल जवळ बाळगावा. पासपोर्ट मात्र हॉटेलात ठेवून निघू नये. परदेशी पाहुण्याने तो सतत जवळ ठेवणे तिथे कायद्याने बंधनकारक आहे.

ओनसेन, म्हणजे गरम पाण्याच्या कुंडांत उतरायचे असेल, तर आपल्या आज्यांच्या हातांवरचे आणि कपाळावरचे गोंदण लक्षात घ्यावे. जपानमध्ये गोंदणाचा संबंध गुन्हेगारी टोळ्यांशी जोडला जातो आणि अनेक कुंडांत गोंदवलेल्यांना प्रवेश नसतो. लहान गोंदण झाकायच्या पट्ट्या मिळतात, स्वतंत्र खासगी कुंडेही असतात. त्याची चौकशी आधीच केली, तर दारात जाऊन आजीला मानहानी सोसावी लागत नाही.

भूकंपाबद्दल घरात स्पष्ट बोलावे. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट महाराष्ट्र विसरलेला नाही. दगड-मातीच्या भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या आणि हजारो माणसे गेली. म्हणून हादरा बसला की बाहेर धावायचे, हे आपल्या अंगात मुरले आहे. जपानने १९८१ मध्ये बांधकामाचे भूकंपविषयक नियम अधिक कडक केले आणि त्यानंतरच्या इमारती मोठे हादरे सोसण्यासाठीच बांधल्या जातात. तिथे धोका असतो तो कपाटे पडण्याचा आणि रस्त्यावर काचा कोसळण्याचा. आत राहायचे, टेबलाखाली शिरायचे, डोके झाकायचे आणि हादरे थांबल्यावर कर्मचारी सांगतील तसे करायचे. ‘सेफ्टी टिप्स’ हे इंग्रजीत इशारे देणारे ॲप घरीच फोनवर घ्यावे आणि नातवाकडून एकदा टेबलाखाली बसण्याचा सराव करून घ्यावा.

निघण्याचा आठवडा

शेवटच्या आठवड्यात घराची कामे करावीत. गॅसचा कॉक, दूध आणि वर्तमानपत्र, शेजाऱ्यांकडे किल्ली, तुळशीला पाणी, सोसायटीच्या कार्यालयात संपर्काचा क्रमांक. पासपोर्ट आणि विम्याच्या प्रती गावातल्या एका विश्वासू नातेवाइकाकडे द्याव्यात. हॉटेलांचे पत्ते जपानी लिपीत छापून प्रत्येकाच्या खिशात ठेवावेत, कारण चुकलेल्या माणसाला टॅक्सीवाल्याला दाखवायला तोच कागद कामी येतो. भाषांतराचे ॲप ऑफलाइन वापरता येईल असे उतरवून घ्यावे.

ही सगळी कामे सहल कंपनीकडे सोपवता येतात. केसरी किंवा वीणा वर्ल्डसारख्या कंपन्यांनी कितीतरी मराठी घरांना जग दाखवले आहे. ज्यांना स्वतः धावपळ झेपत नाही त्यांनी तो मार्ग निःसंकोच धरावा. मात्र कंपनी तिकीट, हॉटेल, जेवण बघेल. दाशीत मासा का असतो, रस्त्यावर कुंडी का नसते, हादरा बसल्यावर बाहेर का धावायचे नाही, हे आपल्यालाच समजून घ्यावे लागेल. कुठल्याही पॅकेजमध्ये ते येत नाही.

तेव्हा येत्या वर्षी ज्यांच्या घरात दूरच्या देशाचा बेत शिजतो आहे त्यांना एवढेच सांगणे : तयारीचे काम घरातल्या एकट्या कर्त्या माणसावर टाकू नका. औषधे आजोबांनी तपासावीत, फराळाचा डबा आजींनी नियम वाचून भरावा, नोटांवरच्या माणसांचा शोध मुलांनी घ्यावा, गाड्यांचा हिशेब सुनेने आणि मुलाने मिळून करावा. आणि संपूर्ण बेत घरातल्या सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाच्या पावलांनी आखावा. असा बेत आखणारे घर दोन शहरे कमी पाहील, पण जी पाहील ती समजून पाहील, आणि सगळी मिळून पाहील.